मोरीजवळचे सतरा दाणे

कोसंबटोल्यात मनकर्णाबाई हातपंपावर आली की बायांचं बोलणं थांबतं. दांडा वरखाली होत राहतो, घागरी भरत राहतात, आवाज तेवढा पाण्याचा उरतो. कोणी तिला वाकडं बोलत नाही. उलट घागर डोक्यावर चढवून द्यायला दोन हात पुढंच येतात. पण तिची पाठ वळून ती कडुनिंबापाशी पोचत नाही तोवर मागं कोणी तोंड उघडत नाही. गावच्या पोलीस पाटलिणीला हे सवयीचं झालेलं आहे. सवय झाली म्हणून टोचत नाही, असं मात्र नाही.

तिचा नवरा लटारू हाही पोलीस पाटीलच होता. एका भादव्यात धानाच्या बांधीत निंदण करताना त्याला साप चावला आणि दिवस मावळायच्या आत माणूस गेला. दीड वर्ष पद रिकामं राहिलं. मग जाहिरात निघाली. मनकर्णा दहावी पास होती. तिनं अर्ज भरला, प्रांत ऑफिसात जाऊन परीक्षा दिली, तीन बाप्यांना मागं टाकून निवडून आली. एकुलती लेक पुनम चामोर्शीला सासरी होती, ती दोन दिवस आली, सत्काराचा हार घातलेल्या आईचा फोटो काढला आणि परत गेली. त्या दिवसापासून दोन खोल्यांचं घर, मागची भाजीपाल्याची सांदवाडी आणि नवऱ्याची टिनाची पेटी, एवढं मनकर्णाच्या सोबतीला राहिलं.

पेटीत लटारूच्या अकरा वर्षांच्या अहवालांच्या प्रती होत्या. पोलीस पाटलानं दर महिन्याच्या शेवटी ठाण्याला एक कागद पाठवायचा असतो. गावात चोरी झाली का, मारामारी झाली का, दारू गाळली गेली का, कोणी परका माणूस येऊन राहिला का, असे रकाने असतात. काहीच घडलं नसेल तर आडवी रेघ मारून एकच शब्द लिहायचा: निरंक. लटारूचं अक्षर देखणं होतं. देवळाच्या भिंतीवर रंगवावं तसं त्याचं ‘निरंक’ अकरा वर्षं, बारा महिने, एका वळणाचं उमटलेलं होतं.

मनकर्णा ते कागद चाळत बसायची आणि तिला हसू यायचं, मग हसू जायचं. ती याच गावात नांदली होती. अकरा वर्षांत काही घडलंच नाही, हे तिला कोण सांगणार?

घडायचं. पण कोसंबटोल्यात घडलेलं कागदावर चढत नसे, दगडावर फुटत असे. मारुतीच्या पुढ्यात एक काळा दगड आहे. ज्याच्या हातून चूक झाली त्यानं पंचांसमोर त्या दगडावर नारळ फोडायचा. खोबऱ्याचे तुकडे जमलेल्यांत वाटायचे. ज्यानं तुकडा तोंडात घातला त्यानं त्या गोष्टीविषयी पुन्हा अवाक्षर काढायचं नाही, असा रिवाज. आणि हा रिवाज वाईट होता, असं कोणी म्हणू नये. शेताच्या धुऱ्यावरून, बोडीच्या म्हणजे लहान तळ्याच्या पाण्यावरून, मोहाच्या झाडाखालच्या फुलांवरून जे भांडण कोर्टात वीस वर्षं सडलं असतं ते या दगडानं एका सकाळीत संपवलं होतं. भाऊ भावाशी बोलू लागले होते. गावाला त्याचा अभिमान होता. शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलं होतं: तंटामुक्त गाव कोसंबटोला.

लटारूही ते खोबरं खायचा. म्हणून त्याचा कागद निरंक.

मनकर्णानं नोकरी लागल्यावर पहिली चार वर्षं तसंच केलं. त्या काळातच कधीतरी ठाण्याची गस्त थांबली. आधी आठवड्यातून दोनदा जमादार मोटरसायकलवरून नहरेच्या म्हणजे कालव्याच्या रस्त्यानं यायचा, पानठेल्यावर टेकायचा, एखादी चक्कर मारून जायचा. तो यायचा थांबला. का, ते कोणी सांगितलं नाही. जमादार बदलला असेल, असं लोक म्हणाले. गाडी बिघडली असेल, असंही म्हणाले. मग विसरले.

पाचव्या वर्षी तिनं किराणा दुकानातून दोनशे पानांची एक वही आणली. वरती सूर्यफुलाचं चित्र. सरकारी कागद होता तसाच जात राहिला, पण प्रत्येक नारळ या वहीत उतरू लागला. तारीख, वेळ, ठिकाण, काय घडलं. नाव कुणाचंच नाही. नाव लिहिलं तर रिवाज मोडतो, आणि लिहिलंच नाही तर गावाला स्वतःचीच गोष्ट कळत नाही, अशा कात्रीतून तिनं आपल्यापुरती वाट काढली होती.

आणि या वहीत अर्धी पानं बुधरीच्या तोंडची होती.

बुधरी शेजारीण. दोघींच्या सांदवाड्या पाठीला पाठ लावून. मधे बांबूचं कुंपण, त्याला माणूस वाकून जाईल एवढं भगदाड. बुधरीला लिहिता-वाचता येत नाही, पण गावातल्या कोणत्या घरी कोणत्या भांड्यात काय शिजतं ते तिला ठाऊक. बायका हातपंपावर मनकर्णासमोर गप्प होत, बुधरीसमोर मोकळ्या होत. ती दुपारी त्या भगदाडातून यायची, हातात वाटी, वाटीत कधी लाखोळीची भाजी, कधी पोपटाच्या शेंगांचे दाणे. बसायची आणि सांगायची, “लिव व, लिव.” अख्ख्या गावात मनकर्णाच्या घरी काम नसताना येणारं एवढंच एक माणूस होतं. तिचा मुलगा निकेश लहानपणी याच भगदाडातून रांगत यायचा आणि मनकर्णाच्या ताटातला भात खायचा.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. धान निघून गेलेलं, कामं नाहीत, ऊन असं की कुत्रीसुद्धा रांजणाच्या ओलीला लागलेली. मनकर्णा ओसरीवर खडू घेऊन बसली होती. सारवलेल्या जमिनीवर तिनं रेघा ओढल्या आणि वही उघडून एकेका नोंदीला तुरीचा एकेक दाणा ठेवत चालली. बुधरी आली, वाटी खाली ठेवून कमरेवर हात देऊन उभी राहिली.

“हे काय व? पोरीबाळीवानी सागरगोटे खेळून राह्यली का?”

“गाव मांडलं. हा मारुती, हा तलाव, हे नहर.”

“अन् माह्यं घर?”

“हे.”

“एवढंसं?”

“माह्यं बी तेवढंच आहे, बाई. बस.”

बुधरी बसली. दाणे पडत राहिले. तलावाजवळ चार. मारुतीजवळ तीन. खळ्याकडं पाच. गावभर एक इथं, दोन तिथं, कोंबडीला टाकल्यासारखे. आणि नहरेवरच्या मोरीजवळ दाण्यावर दाणा बसेना, ढीग कलंडू लागला.

मोरी म्हणजे गावचा रस्ता जिथं नहर ओलांडतो तो लहानसा पूल. गावापासून दीड किलोमीटर, बसच्या फाट्यापासून तेवढंच. दोन्ही बाजूंना बेशरमाचं रान माणसाच्या डोक्याइतकं वाढलेलं.

मनकर्णानं दाणे मोजले. तीन वर्षांत एकेचाळीस नारळ. त्यातले सतरा या एका मोरीवरचे. बाजारातून येणाऱ्या बाईची पिशवी ओढली. मास्तरणीच्या स्कूटीची चाबी काढून पाण्यात फेकली. पंपाचा वायर कापून नेला. कॉलेजच्या पोरींच्या सायकली अडवल्या, एकदा, दोनदा, पाचदा. तिनं वेळा पाहिल्या. सतरातल्या बारा वेळा पाचची बस फाट्यावर थांबल्यावर, दिवे लागायच्या आत.

एकेक नारळ फुटला तेव्हा ती एकेक गोष्ट होती. पोट्ट्यांचा वात्रटपणा, दारूची झिंग, चुकून झालेलं. प्रत्येक वेळी खोबरं गोड लागलं होतं. सतरा दाणे एका जागी बसलेले पाहिले तेव्हा मनकर्णाला त्या सतरांची मिळून एकच गोष्ट दिसली.

“सतरा?” बुधरी म्हणाली. “एवढे?”

“त्यातले नऊ तू सांगतलेले आहेत.”

“मी? मी त गंमत म्हून सांगतलं होतं, माय.”

तिनं वाटी पुढं सरकवली. “खाय. थंडी होऊन राह्यली भाजी.”

मनकर्णा वही घेऊन श्रीहरीकडं गेली. श्रीहरी तंटामुक्त समितीचा अध्यक्ष, साठीचा, पांढऱ्या सदऱ्याला कधी डाग नसलेला माणूस. गावात कुठं आवाज चढला की चप्पल न घालता धावत जाणारा. त्यानं वही पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली.

“मनकर्णाबाई, तुमी मेहनत केली. पण हे कुठी दाखवाची गोष्ट आहे का?”

“ठाण्यात दाखवू म्हणते, भाऊ. गस्त मागू.”

“औंदा जिल्ह्याचे लोक गाव पाहाले येऊन राह्यले. बक्षिसासाठी सगळ्या तालुक्यातून आपलं नाव पुढं गेलं. आता तुमी सांगसान का आमच्या इथी एकेचाळीस झाले?”

“झाले त आहेत.”

“झाले अन् मिटले. मिटलेलं कोणी उकरते का?” तो उठला, वही तिच्या हातात दिली, आणि आवाज खाली आणला. “लटारूभाऊनं अकरा वर्स गावाची अब्रू झाकली. तुमी त्याच्या घरच्या आहा.”

ती घरी आली. महिन्याचा शेवट होता. तिनं कागद पुढं घेतला, आडवी रेघ मारली आणि लिहिलं: निरंक. पुढच्या महिन्यातही लिहिलं. पाऊस आला, रोवणे झाले, पोळा झाला, धान पोटरीला आलं. सहा कागद गेले. सतरा दाणे तिनं एका डबीत घालून कोनाड्यात ठेवले होते. झाडताना डबीला हात लागला की आत खुळखुळ व्हायची.

दिवाळी होऊन गेली होती. धान कापून बांध्यांत पुंजणे उभे राहिले होते. रंजीता ही वारलूची थोरली पोरगी, एकोणीस वर्षांची, आरमोरीच्या कॉलेजात बी. ए.च्या पहिल्या वर्षाला. सकाळी सायकलनं फाट्यावर जायची, सायकल पानठेल्यामागं ठेवून बस धरायची, पाचच्या बसनं परत. त्या दिवशी मोरीवर तिघं बसले होते. दोघं बाजूच्या गावचे, तिसरा निकेश. एकानं ओढणी ओढली. दुसरा फोन काढून चित्र घ्यायला लागला. निकेशनं सायकल उचलली आणि नहरेत टाकली. नहर भरून वाहत होती. पोरगी दीड किलोमीटर चालत घरी आली, ओढणीशिवाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळ्या दगडावर तीन नारळ फुटले. श्रीहरीनं तिघांना असं झापलं की त्यांच्या माना वर होईनात. वारलूनं खोबरं घेतलं. पोरीचा बाप होता, त्यानं दुसरं काय करावं? मग तो म्हणाला की पोरगी आता घरीच राहील, शिकून झालं तेवढं पुष्कळ. लोक म्हणाले, समजदार माणूस आहे.

मनकर्णा त्या गर्दीत उभी होती. तिच्याही हातावर तुकडा ठेवला गेला. तिनं तो तोंडात घातला नाही. मुठीत धरून घरी आणला आणि ओट्यावर ठेवला.

दुपारी रंजीता आली. समोरच्या दारानं, ताठ. डोळे रडून सुजलेले, पण आता कोरडे.

“काकू, तुमच्या जवळ वही आहे म्हंतात.”

“आहे.”

“त्याच्यात माह्यं लिवा. नावासगट लिवा.”

“वहीत नाव नाई लिवत, बाई.”

“मंग सरकारी कागदात लिवा.”

“तुह्या बाबानं खोबरं घेतलं, रंजीता.”

“बाबानं घेतलं. मले कोणी विचारलं का? सायकल माह्यी, ओढणी माह्यी, कॉलेज माह्यं. दगडापाशी मी नोती काकू. मले घरात बसवून ठेवलं होतं.”

मनकर्णानं तिला पाणी दिलं. पोरगी पाणी प्यायली आणि पेला हातात फिरवत म्हणाली, “माह्या संगच्या सुवर्णाची सायकल अडवली तवा बी नारळ फुटला होता. तवाच कोणी लिवलं असतं त मी त्या रस्त्यानं एकटी आली नसती.”

पोरगी रागानं बोलली नव्हती. पण मनकर्णाच्या डोळ्यांसमोर सहा कागद आले, एकामागं एक, आपल्या हातचे. लटारूचे अकरा वर्षांचे कागद तिनं हसून चाळले होते. त्यानं निदान दाणे मोजलेले नव्हते.

“उद्या सकाळच्या बसनं चाल,” ती म्हणाली. “संग मी येते.”

बातमीला या गावात पाय लागत नाहीत. संध्याकाळी चूल पेटायच्या आधी बुधरी भगदाडाशी आली. आत आली नाही. तिकडूनच वाकून बोलली.

“मनकर्णा, खरं आहे का व?”

“खरं आहे.”

“तुह्या वहीत त नाव नसते.”

“पोरीनं नाव सांगतलं. आता असते.”

“एकुलता आहे माह्या. चुकला. दोन थापडा मार त्याले, मी हात धरत नाई. तुह्या ताटातला भात खाल्ला त्यानं.”

“खाल्ला. म्हून त मले झोप नाई.”

“नारळ फुटला ना? मंग?”

“अठरावा दाणा आहे बुधरी. कुठी ठेवू?”

कुंपणाचा एक बांबू बुधरीच्या मुठीत करकरला. मग ती म्हणाली, “माह्याच तोंडानं तू हे वही भरली. मी लिव लिव म्हंतलं. मी कोणाकोणाच्या पोराचं सांगतलं तुले. आता माह्या पोराची पाळी आली.”

“हव,” मनकर्णा म्हणाली.

ठाण्यात जमादारानं रंजीताची तक्रार नीट लिहून घेतली. बाई पोलीस आली, पोरीला आत घेऊन बसली. मग जमादारानं मनकर्णाची सूर्यफुलाची वही उघडली. पानं उलटता उलटता त्याचा हात मंदावला. त्यानं कपाटातून एक फाइल काढून बाजूला ठेवली.

“पाटीलबाई, मागच्या महिन्यात तुम्हीच निरंक लिहिलं आहे. त्याच्या मागच्या महिन्यातही.”

“हो साहेब. ते खोटं होतं.”

जमादार तिच्याकडं पाहत राहिला. एवढं सरळ उत्तर त्याला त्या खोलीत फारसं मिळत नसावं.

“तुमच्या गावाची गस्त का काढली, माहीत आहे?”

“नाही.”

“या कागदांवरूनच. माणसं कमी, गावं जास्त. जिथं काही घडत नाही तिथली गस्त काढून जिथं घडतं तिथं द्यायची. कोसंबटोला पंधरा-पंधरा वर्षं निरंक. मग तिथं माणूस कशाला पाठवायचा?”

बाहेर कोणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती. किक मारल्याचा आवाज येत होता, पुन्हा पुन्हा. मनकर्णाला वाटलं, आपण सगळ्यांनी मिळून ती मोरी सुनी केली. बेशरमाचं रान कोणी लावलं नव्हतं, आपोआप वाढलं होतं. पण तिथं येणारा खाकी कपड्यातला माणूस गावानं स्वतःच्या हातानं काढून टाकला होता, दर महिन्याला, देखण्या अक्षरात.

“तारीख आणि वेळ यात लिहिलेलीच आहे,” जमादार म्हणाला. त्यानं बोट पानावर ठेवलं होतं. “पाचची बस. म्हणजे रोज दिवसभर माणूस नको. तेवढा तास पुरेल.”

“तेवढा तासच पाहिजे साहेब.”

ती परतली तेव्हा सांदवाडीच्या भगदाडात तिची स्टीलची वाटी ठेवलेली होती. घासलेली, लख्ख, रिकामी.

आमच्याकडं शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर मूठभर तांदूळ, दोन मिरच्या, निदान चार मोहफुलं घालून देतात. भांडी अशी वर्षानुवर्षं फिरत राहतात, कोणती कोणाची ते कोणी विचारत नाही. मनकर्णानं वाटी उचलली, आत पाहिलं, आणि फडताळात ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी भगदाडात बोराटीच्या फांद्या भरलेल्या होत्या, आडव्या-उभ्या, काटे तिच्या बाजूला.

तिघांवर गुन्हा दाखल झाला. निकेश काही दिवस आत राहिला, जामिनावर सुटला, आणि मिरची तोडणाऱ्यांच्या टोळीबरोबर तेलंगणात निघून गेला. कोर्टाच्या तारखेला येतो, तारखेहून परस्पर जातो. मनकर्णाला खोट्या अहवालांबद्दल लेखी खुलासा मागितला गेला. तिनं एका पानात खरं ते लिहून दिलं. पद राहिलं, समज मिळाली. जिल्ह्याचे लोक गाव पाहायला आले, श्रीहरीशी चहा प्यायले आणि दुसऱ्या गावाचं नाव जाहीर झालं. रस्त्यात मनकर्णा दिसली की श्रीहरी बाजूला होऊन वाट देतो, परक्या बाईला देतात तशी.

मोरीजवळचा बेशरम तोडला गेला. पाचच्या बसच्या वेळेला जमादार येऊन उभा राहतो. रोज नाही, पण कोणत्या दिवशी येईल ते कोणाला कळत नाही, म्हणून रोज आल्यासारखंच. रंजीता कॉलेजात जाते. वारलूनं तिला परवानगी दिली, पण पोलीस पाटलिणीच्या घरी पाय ठेवायचा नाही, या अटीवर. पोरगी संध्याकाळी घरासमोरून जाताना सायकलची घंटी वाजवते. एकदाच. मनकर्णा तेवढ्या वेळेला ओसरीवर काहीतरी निवडत बसलेली असते.

हातपंपावर आता तिची पाठ कडुनिंबाच्याही पुढं गेल्यावर बोलणं सुरू होतं.

हिवाळा गेला. चार महिन्यांचे चार कागद तिनं लिहिले, प्रत्येक रकान्यात जे होतं ते. मग फाल्गुनात तिला लिहायला काही सापडेना. तिनं घरोघर विचारलं, दारादारांतून. लोक उंबऱ्याच्या आतूनच नाही म्हणाले. मारुतीपाशी जाऊन दगड पाहिला. कोरडा होता. मग तिनं आडवी रेघ मारली आणि ‘निरंक’ लिहिलं. अक्षर लटारूसारखं देखणं नव्हतं. हा खरा आहे, असं कोणाला तरी दाखवावं, असं तिला फार वाटलं. ती उठून मागच्या दारापर्यंत गेली. बोराटीची पानं गळून गेली होती, नुसते काटे राहिले होते. पलीकडं बुधरी शेळ्यांना पाणी दाखवत होती. मनकर्णा परत आत आली.

चैत्र लागला. मोह टपकायला लागला, पहाटे सगळं गाव टोपल्या घेऊन जंगलात. अशा एका सकाळी, उन्हं ओसरीवर चढलेली असताना, समोरच्या दाराशी कोणी तरी येऊन उभं राहिलं. मनकर्णानं वर पाहिलं. बुधरी होती. या समोरच्या दारानं ती इतक्या वर्षांत कधी आली नव्हती.

“पाटीलबाई, आहा का घरी?”

मनकर्णाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. “ये ना, बुधरी. बस.”

“बसाले नाई आली. लिवून घ्याचं आहे.” ती उंबऱ्याबाहेरच उभी होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. “दोन शेळ्या गेल्या माह्या. काल दिवसा. तलावाच्या पाळीवर चरत होत्या.”

“कोणी पाहिलं का?”

“गाडी थांबली होती म्हंते ढोरं चारणारा पत्रू. पांढरी. चारचाकी.”

“किती वाजता?”

“सावली पायाखाली होती तवा.”

मनकर्णा आत जाऊन सरकारी नोंदवही घेऊन आली. ओसरीवर बसली, तारीख घातली. लेखणी थांबली. तिनं वर न पाहता विचारलं, “गावातल्या कोणावर शक आहे का? श्रीहरीभाऊले सांगतलं?”

“सांगतलं. तो म्हणे पंच बसवू, कोणी सापडला त नारळ घेऊ.” बुधरीनं पदर खांद्यावर सारखा केला. “मी म्हंतलं, नारळ नाई पाह्यजे. पाटलीण लिवते ते खरं लिवते. मी तिच्याकडं जाते.”

मनकर्णानं लिहिलं. एक शेळी काळी, कानावर पांढरा ठिपका. दुसरी भुरी, गाभण. ठिकाण, तलावाची पाळ. वेळ, दुपारी बाराच्या सुमारास. लिहिलेलं तिनं वाचून दाखवलं, हळू, एकेक शब्द. बुधरी कान देऊन ऐकत होती.

“गाभण आहे ते लिवलं ना?”

“लिवलं.”

बुधरी आत आली, वाकली, अंगठा दिला. शाईचा अंगठा तिनं लुगड्याच्या काठाला पुसला. मनकर्णानं पाण्याचा गडवा पुढं केला. बुधरीनं त्याच्याकडं पाहिलं. मग घेतला, उभ्या उभ्या, वरून धार धरून दोन घोट प्यायली आणि गडवा खाली ठेवला.

“आजच ठाण्याले फोन करते,” मनकर्णा म्हणाली. “पांढरी गाडी फाट्यावरूनच गेली असन. कोणी ना कोणी पाहिली असन.”

“करा.”

“निकेश बरा आहे का व?”

बुधरी दाराकडं वळलेली होती. ती थांबली, पण मागं वळली नाही. “तारखेले येते,” ती म्हणाली आणि अंगणात उतरली.

मागच्या दारानं तिचं घर दहा पावलांवर होतं. ती गल्लीनं निघाली. मनकर्णा ओसरीवर बसून ऐकत राहिली. चपलांचा आवाज हातपंपापर्यंत गेला, मारुतीकडं वळला, देवळामागून फिरला, आणि बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग कुंपणाच्या पलीकडं, अगदी जवळ, बुधरीच्या दाराची कडी वाजली.

मनकर्णानं नोंदवही मिटली. मग पुन्हा उघडली, फोन हातात घेतला, आणि ठाण्याचा नंबर लावला.